सैल टॅपेट

"तेवढा आवाज राहू द्या, मिस्तरी," फोरमनची बायको पुन्हा म्हणाली.

मिस्तरीने गाडी बंद केली. इंजिनातल्या सैल टॅपेटची टकटक थांबली. गाडी सुरू होताच तिच्या पोरीने चपला काढून हातात घेतल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"अहो वहिनी, लोक आवाज घालवायला येतात. फोरमन तर बजावून गेलेत, गाडी दारात आली तरी घरात कळता कामा नये."

"त्यांना काहीही सांगा. चढाखालून ती टकटक आली की मला जरा वेळ मिळतो."

"कशाला?"

"तयारीला."

मिस्तरीच लाजला. "आमची ही तर मी जेवून उठलो तरी विचारते, कधी आलात?"

ती हसली नाही. रस्त्याकडे बघत पोरीला घेऊन निघून गेली.

मिस्तरीने इंजिनाचं हेड उघडलं. एक व्हॉल्व्ह वाकलेला, दुसऱ्याची कड जळालेली. ॲक्सिलरेटर पिळून पिळून गाडीचा जीव घेणाऱ्याचं काम. व्हॉल्व्ह बघून माणूस ओळखतो, अशी मिस्तरीची बढाई होती. आज त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

वाकडा फेकून त्याने नवा घेतला. जळक्याला पेस्ट लावली आणि काठी तळहातांत घुसळत तो व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासत बसला. खर्र, खर्र. डोळे जड झाले. त्याला चढावरचं घर दिसू लागलं. टकटक ऐकून बाई आरशापुढे जाते, केस सारखे करते, दारात येते. कुणीतरी आपली एवढी वाट बघावी! नशीब लागतं साल्याला.

रॉकेल ओतून पाहिलं. थेंबही झिरपला नाही. सगळं जोडून झाल्यावर त्याने एक टॅपेट केसभर सैल सोडला. वाजती गाडी त्याच्या हातून कधी बाहेर पडली नव्हती.

उतरत्या दुपारी तो स्वतःच गाडी पोचवायला निघाला. ऊन मऊ झालं होतं. चढ लागला, टकटक त्याच्या पुढे पुढे वर जात होती. बाईला पुरेसा वेळ मिळावा म्हणून त्याने वेग कमी केला आणि गालातल्या गालात हसला.

वळणावरून घराची मागची बाजू दिसली. पोरगी खिडकीतून बाहेर लोंबकळत होती, चपला हातात. खाली शेजारीण हात पसरून उभी होती. तिने पोरीला झेललं, तिच्या तोंडावर हात दाबला आणि कुंपणाआड पळाली.

वर फोरमनच्या बायकोने खिडकी आतून लावून घेतली.