मशीनमधली खोट

“फाका फार जाड पडतात,” दया म्हणाली.

यशयानं मशीन बंद केलं. नुकताच फुटलेला कडुलिंबाचा ओंडका उचलून पाहिला. बरोबर दोन फाका झाल्या होत्या.

“बंबात मावंल की.”

“कशीबशी मावेल. एका दाबात चार व्हायला पाहिजेत.”

“चार?”

“चार.”

यशया मान खाजवत शेडमध्ये गेला. दया गालातल्या गालात हसली. आठवडाभराची सोय झाली होती.

यशया साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला, त्याच मे महिन्यात दयाही शाळेतून. तिचं ठीक चाललं होतं. सारखं पडून राहावंसं वाटे, एवढंच. काळजी होती ती यशयाची. त्यानं सोनईच्या बाजाराला जाणं सोडलं, मित्रांकडे जाणं सोडलं. दिवसभर दारात खुर्ची टाकून गप्प बसायचा.

मग एक दिवस त्यानं भंगारातून ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जॅक आणला. तो लोखंडी गर्डरवर आडवा बसवला, पुढे जाड पातं जोडलं आणि हाक मारली, “दया, लाकडं फोडायचं मशीन केलंय. बघ बरं कसं झालंय!”

दया पलंगावरून उठून बाहेर आली. कित्येक महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर तरतरी होती. मशीन पुरं झालं की हा पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार, हे तिनं ओळखलं. म्हणून तिनं पहिली खोट काढली.

“दांडा मारून मारून खांदे भरून येतील.”

त्यानं पंप आणि मोटर बसवली.

“जॅक मागे यायला फार वेळ घेतो.”

त्यानं व्हॉल्व्ह बदलला.

“वाकावं लागतं हो.”

त्यानं चार पाय लावून मशीन कमरेइतकं उंच केलं.

खोट काढणं सोपं नव्हतं. त्यासाठी दया मोबाईलवर व्हिडिओ बघून वहीत टिपणं काढू लागली. एका शनिवारी ती मोटरसायकलवर मागे बसून नगरच्या भंगार बाजारात गेली आणि पाइपच्या जाडीवरून दुकानदाराशी इतकी भांडली, की यशया बाजूला उभा राहून नुसता बघत राहिला.

समोरच्या दगडाबाई एकदा बाभळीचं गाठाळ खोड घेऊन आल्या. “बाई, ह्याच्यावर दोन कुऱ्हाडी मोडल्या. तुमचं मशीन काय करतंय बघू.”

दयानं स्वतः व्हॉल्व्हचा दांडा ओढला. खोड करकरलं, अडलं आणि फाडकन फुटलं. दगडाबाईंनी टाळ्या वाजवल्या. दया पोरीसारखी हसली.

आणि आज चौफुली पातं बसलं. एका दाबात चार सारख्या फाका पडल्या. दयानं पाइपवरून बोट फिरवलं, तेलाचा टिपूस नव्हता. दांडा लोण्यासारखा चालत होता.

“कसंय?” यशयानं विचारलं.

“उद्या सांगते,” ती म्हणाली. आणि तोंड पाडून मशीनभोवती पुन्हा एकदा फिरली. काढायला काही उरलंच नव्हतं.

दुपारी वहीतलं एक माप पडताळायला ती शेडकडे गेली. आतून यशयाचा आवाज आला. तो फोनवर होता, पुण्यात नर्स असलेल्या त्यांच्या लेकीशी, एंजेलाशी. दया दाराबाहेरच थांबली.

“मशीन व्हय? ते तर पयल्याच आठवड्यात झालं आसतं गं,” यशया हळू आवाजात हसत सांगत होता. “पर मंग तुझी आई पलंगावरनं उठली आसती का? तू म्हनलीस तिला एकटं सोडू नका, म्हनून सा म्हैने दारात बसून काढले मी. आता बघ, दुकानदाराशी भांडती! आज मातर लई हिरमुसली. काळजी करू नगंस, आत्ताच मशीनचा एक पाय अर्धा इंच आखूड करून ठिवलाय. उद्या बराबर घावंल तिला.”