आप्पांचं जेवण

आप्पांच्या उशीच्या अभ्र्यावर डाळिंबाचा एक दाणा होता. अख्खा, जराही न फुटलेला. डाळिंब त्यांनी काल संध्याकाळी खाल्लं होतं. दाणा पोटात पोचलाच नव्हता, हे विनयाला कळलं.

तिच्या सासऱ्यांच्या घशात एक पिशवी तयार झाली होती. घास तिच्यात अडकायचा आणि आडवं झालं की वर यायचा. डॉक्टरांनी पावसाळ्यातच ऑपरेशन सुचवलं होतं. आधी दिवाळी, मग मुलीची परीक्षा, असं करत विनया ते पुढे ढकलत राहिली. या वयात भूल सोसेल का, हे कारण तिला सोयीचंच होतं.

त्या घरात वडीलधारं माणूस उठल्याशिवाय जेवणावरून कुणी उठत नसे. आप्पांचा एकेक घास उतरेपर्यंत सगळ्यांचे हात वाळून जात. काल तर विनयाने घड्याळाकडे बघून मोठा उसासा टाकला होता.

आज आप्पांनी चार घासांतच खुर्ची मागे सरकवली. "झालं माझं. उठा."

"एवढ्यात?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"अरे, कांगारूसारखी पिशवी आहे मला. कालचं शिल्लक असेल तिच्यात!"

सगळे हसत उठले. विनया मात्र आप्पांकडे बघत होती. त्यांची नजर ताटातल्या आमटीभातावरून हलत नव्हती. भूक होती; पण कालचा उसासा त्यांनी ऐकला होता.

तिने त्यांना हाताला धरून परत बसवलं आणि ताट पुढे सरकवलं.

"सावकाश जेवा, मी बसते सोबत," ती म्हणाली. "आणि आप्पा, आता थांबायचं नाही. आपण ऑपरेशन करून घेऊ."