माळावरची वीज

चंदनाबाईंच्या नवऱ्याचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालतो. माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून गावातली वीज जायची थांबली. पण पात्यांना धडकलेली पाखरं त्यांच्या शेतात पडू लागली.

आज एक होला तडफडत होता. चंदनाबाईंनी त्याला पदरात घेऊन णमोकार मंत्र म्हटला. त्याची मान कलली, तशा त्या मुलाला म्हणाल्या, "गोमटेश, बंद करायला सांग रं त्या चक्क्या."

"मग कोळशाची वीज घ्यायची? त्या धुरानं माणसं मरत्यात, आई. आन् वीजच नको म्हटलं, तर आप्पांचं मशीन?"

अंगणात पाखरांसाठी भरून ठेवलेलं पाण्याचं भांडं चंदनाबाईंनी पालथं केलं आणि लिंबावरच्या पाखरांकडं बघून हात जोडले.

"हिकडं येऊ नगा रं बाळांनो."