रिकामं पोट

ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टर भावाला म्हणाले, “तुमच्या मिसेसचं पोट रिकामं नव्हतं. भूल देताना उलटी फुफ्फुसात गेली. आयसीयूत हलवतोय.” शेजारी बसलेल्या बहिणीनं मांडीवरची पर्स आवळली. आत तिचं वजन कमी करायचं इंजेक्शन होतं. वहिनीलाही ती त्यातलंच, घरच्यांना न कळू देता, टोचायची. वहिनी बारीक झाली म्हणून घरात तिच्या रोजच्या फिरण्याचं कौतुक चालायचं. इंजेक्शननं अन्न पोटात रेंगाळतं, भूल देण्याआधी सांगायचंच, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी नर्सनं औषधांबद्दल विचारलं तेव्हा वहिनीनं नणंदेकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. “कालपासून उपाशी होती ती,” भाऊ म्हणाला आणि आईकडे वळला. सून खंगली म्हणून रोज कुरकुरणारी, जबरदस्तीनं वाढणारी आई. “पाणीसुद्धा दिलं नाही रे मी,” आई पुटपुटली. पर्स काखेत मारून तिनं आईचा हात धरला. “आई,” ती मायेनं म्हणाली, “खरं सांग, काय भरवलंस तिला?”