अर्ध्या भावाचा माल

ठुशी हातात घेण्याआधी संगितानं पुनमच्या कपाळाकडं पाहिलं. कपाळ मोकळं होतं, हातांत बांगडी नव्हती. संगिताच्या मनातला भाव तिथंच निम्म्यावर आला.

सेनगावहून जीपा बदलत ती डोंगरकड्याला आली होती. फोन पुनमनंच केला होता. आजीचे दागिने आहेत, खोटेच आहेत पण जुने आहेत, सोबत इरकली लुगडं आहे, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, तुम्हीच या. संगिताला अशा फोनांची सवय होती. गावोगावच्या पेट्यांत पडून राहिलेले मुलाम्याचे दागिने आणि लुगडी ती विकत घ्यायची, रिठ्याच्या पाण्यानं उजळायची आणि मोबाइलवर व्हिडिओ टाकून विकायची. पुण्या-हैदराबादच्या नवऱ्या मुलींना आजकाल लग्नात आजीच्या काळचं काहीतरी अंगावर हवं असतं. स्वतःच्या आजीची लुगडी त्यांच्या आयांनी कधीच बोहारणीला देऊन त्यावर पातेली घेतलेली असतात. मग दुसऱ्याची आजी विकत घ्यावी लागते.

संगिताचा माल खपायचा तो एका गोष्टीवर. तिच्याकडं फक्त सवाष्णीचं मिळायचं. अहेव गेलेल्या बाईची ठुशी नवरीच्या गळ्यात शुभ, असं ती व्हिडिओत सांगायची आणि सांगताना स्वतःच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू बरोबर दिसेल असं बसायची. आसपासच्या लग्नांत तर नवरीच्या गळ्यात ठुशी बांधायला तिलाच मानानं बोलावत. विधवेचं काही आलं तर ती ते अर्ध्या भावात घेई आणि शाळेच्या गॅदरिंगला भाड्यानं लावून देई. पोरांच्या नाटकाला काय, शुभ आणि अशुभ.

तिचा स्वतःचा नवरा ट्रकवर म्हणून गेला, त्याला बरीच वर्षं लोटली होती. "आमचे मालक तिकडं हैदराबादला असतात," असं ती सांगे. फोन येतो, असंही सांगे. फोन येत नव्हता. पण धंद्याला मालक असणं पुरेसं होतं, दिसायलाच हवेत असं थोडंच आहे? देव तरी कुठं दिसतो. मात्र नवरा एक दिवस दारात येऊन उभा राहील, असं तिला अजून वाटायचं, आणि असं वाटतं याची लाजही वाटायची.

पुनमनं चहा दिला. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती आणि भावानं मागची खोली दिली होती. भिंतीवर खिळ्याला वाळलेला हार नुसताच लटकत होता, फोटो नव्हता. फ्रेम बदलायला दिला असेल, असं संगिताला वाटलं.

"मालक कशानं गेले?" तिनं रीत म्हणून विचारलं.

"काविळीनं. ऐन दिवाळीत." पुनमनं पदर सारखा केला. "तुमचे व्हिडिओ लई बघायचे. आवाज बंद करून बघायचे."

संगिता सुखावली. बाप्येमाणसंही आपले व्हिडिओ बघतात हे तिला नवीन होतं.

"ताई, मला तुमाला एक सांगायचं व्हतं. फोनवर सांगवना."

"आधी माल बघू दे, पोरी."

सांगायचं प्रत्येकीलाच असतं. कुणाचा दीर वाईट, कुणाचं लेकरू आजारी, आणि सगळ्या सांगण्याचा शेवट भाव वाढवून द्या इथं होतो. संगिता त्यात पडत नसे.

माल मात्र नामी निघाला. ठुशीचा मुलामा आतल्या बाजूनं अजून पिवळाजर्द होता, चिंचपेटीचा एक मणी हललेला नव्हता, लुगड्याचे काठ कुठं विरले नव्हते. संगिताचा जीव त्या लुगड्यात अडकला, पण तोंडावर तिनं काही दिसू दिलं नाही. अर्धा भाव, ती म्हणाली.

"काहून? माल तर चांगला हाय."

"मालाला मी नावं ठेवत न्हाई. लग्नात हे तूच घातलं व्हतं ना? मंग हे विधवेचं झालं."

पुनम म्हणाली, हे आजीचं आहे आणि आजी अहेव गेली. संगितानं समजावलं की आजीचं पुण्य आजीबरोबर गेलं, शेवटी ज्या गळ्यात पडलं त्याचा हिशेब धरायचा. मग गिऱ्हाइकाला सांगूच नका, पुनम म्हणाली. तेव्हा मात्र संगिता चिडली. आपण कुंकवाची बाई आहोत, खोटं बोलून पाप कशाला घ्यायचं, असं तिनं सुनावलं. वर्ष सरलं नाही अशा घरचा चहा घेतला, तोही दुसऱ्या कुणी घेतला नसता, हेही ऐकवलं.

"बाईचा मान मालकासंगं जातो, पोरी. हा कायदा मी केलेला न्हाई."

पुनमनं लुगड्याची घडी घातली, दागिने फडक्यात बांधले आणि गाठोडं संगितापुढं सरकवलं.

"अन् एखादीचा मालक लांब कुठं मेला, अन् तिला कुणी कळवलंच न्हाई, तं? तिच्या मालाचा भाव काय धरता?"

संगिताला हसू आलं. पोरगी घासाघीस करायला बरी शिकलेली दिसत होती.

"कळो न कळो, गेला तो गेला," ती गाठोडं उचलत म्हणाली. "त्या दिसापासून अर्धा."

पुनमनं तिच्या कपाळाकडं पाहिलं.

"मंग तुमच्या गळ्यातलं बी दिवाळीपासनं अर्ध्याच भावाचं हाय, ताई. आमचे न्हाई, आपले मालक गेले."