संपलेली शिशी

शिशी काठोकाठ भरलेली होती, आणि बनाबाई म्हणत होती, "संपली. दुसरी लिहून द्या."

डॉ. संघपालने शिशी उजेडात धरली. भांगेच्या पानांचं तेल. सगळ्या जानेफळात ते लिहून देणारा वैद्य तो एकटाच, म्हणून नियमाला घट्ट. रोगी स्वतः आला पाहिजे. एका वेळी एकाच महिन्याचं औषध. जुन्या शिशीतलं किती गेलं ते पाहिल्याशिवाय नवी चिठ्ठी नाही. उद्या तपासणी झाली तर नोंदणी त्याची जाणार होती. बनाबाईचं काय जातं?

"मावशी, थेंबही कमी नाही झाला. कंबर कशी आहे?"

"दुखतेच. पन झोप मस्त लागे. आता आठ दिस झाले, डोयाले डोया नाई."

औषध न घेता गुण आलेला रोगी संघपालने अठरा वर्षांत पाहिला नव्हता. त्याने झाकण काढून हुंगलं. महिन्यापूर्वी याच शिशीच्या गांजासारख्या वासाने सगळा दवाखाना भरला होता. आता वास नावालाही नाही. म्हणजे कोणीतरी औषध काढून गोडं तेल भरलं होतं.

पण बनाबाईच्या घरात? गांजाचा तिच्याएवढा वैरी पंचक्रोशीत नव्हता. तिचा नवरा मोतीराम भजन आटोपलं की ओट्यावर चिलीम पेटवायचा. ही आतून यायची आणि चिलीम थेट रस्त्यावर भिरकवायची. मोतीराम हसून म्हणायचा, "फेक, बाप्पा. कुंभार बी जगला पायजे." तिच्या शिव्या स्टँडपर्यंत ऐकू जात, आणि गाडीची वाट पाहणाऱ्यांची तेवढीच करमणूक होई. मोतीराम जाऊन चार वर्षं झाली. स्टँडवर आता नुसतीच गाडीची वाट पाहावी लागते.

संघपालने पेन खाली ठेवलं.

"मावशी, खरं सांग. यातलं औषध कोणाला दिलंस? नाही सांगितलंस तर यापुढे चिठ्ठी बंद."

बनाबाईने शिशी हुंगली आणि खाली ठेवली.

"कोनालेच नाई देल्लं, बापू. झोपताना झाकन उघडून उशाशी ठेवतो, त बुढा वट्ट्यावर बसेल हाये असं वाटते. आता वास उडाला, आठ दिस झाले बुढा आलाच नाई."