नऊचा पंखा

"नऊचाच द्या," म्हातारीनं मिस्त्रीला ठणकावलं आणि होडीच्या इंजिनाचा पंखा खिळ्यावरून स्वतःच उतरवून घेतला.

"आई, सातचा," मुलगा पुटपुटला.

"सातचा ओझ्याला. तू काय दगड वाहणार आहेस?"

पंख्यांचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवरा गेल्यावर बारा वर्षं होडी तिनंच हाकली होती. पंख्यावर कोरलेला आकडा मोठा असला तर रिकामी होडी सुसाट पळते. लहान असला तर भरलेली होडी नेटानं ओढतो. उलटसुलट केलं की इंजिन धापा टाकून मरतं. वाचता येत नव्हतं तिला, पण हे आकडे अंगठ्यानं चाचपून कळायचे.

मुलाला खाडीपलीकडच्या गोदामात काम लागलं होतं. सून म्हणाली होती, तिकडेच खोली बघू. म्हातारीनं महिनाभर तोंडाचा पट्टा चालवून तो विषय मोडीत काढला. रोज सकाळी जा, दिवेलागणीला घरी ये. एकटा माणूस नि एक डबा. नऊच्या पंख्याला अर्ध्या तासाचं काम. मुलानं मान डोलावली होती. पोरगं माझ्या शब्दाबाहेर नाही, असं तिनं साऱ्या आळीला ऐकवूनही झालं होतं.

मिस्त्रीची एक खोड होती. ओझं विचारल्याशिवाय तो पंखा विकत नसे.

"डॉक्टरला नि मला खोटं सांगायचं नाही," तो मुलाला म्हणाला. "होडीत काय काय जाणार?"

"डबा," म्हातारीच बोलली.

मुलगा खाली बघत म्हणाला, "कपाट. पलंग. शिलाईचं मशीन. पोरींची दप्तरं."

"आणि माणसं?"

"चार."

मिस्त्रीनं पेन्सिल कानावर खोचली. "चार कशी? तुम्ही नवराबायको, दोन पोरी, नि ह्या मावशी. पाच झाली की."

मुलगा नटबोल्टच्या डब्यात उगाच काहीतरी शोधू लागला.

म्हातारीनं नऊचा पंखा परत खिळ्याला अडकवला. सातचा उतरवला. तिन्ही पात्यांवरून अंगठा फिरवला, कुठे चीर नाही ना ते पाहिलं आणि तो मुलापुढे ठेवला.

"चारच धरा, मिस्त्री," ती म्हणाली. "मोजायला मीच शिकवलंय त्याला. तो चुकायचा नाही."